विश्लेषण : उद्यानाच्या पोटातून महामार्ग कसा गेला? सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘डॉयल ड्राइव्ह’चे काय झाले?

गोल्डन गेट पुलाचे छायाचित्र पाहिले नाही, असा माणूस विरळाच. पण या पुलाकडे सॅन फ्रान्सिस्को शहरातून नेणारा जेमतेम अडीच किलोमीटरचा रस्ता अनेक वर्षे अमेरिकेतील सर्वांत धोकादायक रस्त्यांपैकी एक मानला जात होता, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ‘डॉयल ड्राइव्ह’ हे त्याचे नाव. तो पाडून नवा बांधायचा, तर आजूबाजूची जमीन साधीसुधी नव्हती. एका बाजूला खाडीकिनारा, दुसऱ्या बाजूला दोन शतकांहून जुनी लष्करी छावणी, मध्ये सैनिकांची दफनभूमी आणि हे सगळे कायद्याने संरक्षित राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत. त्यामुळे ‘रस्त्यासाठी उद्यानाची किती जागा घ्यायची’ हा नेहमीचा प्रश्न येथे उलटा विचारावा लागला : उद्यानात रस्ता कसा बसवायचा? त्याचे उत्तर मिळाले, पण त्यासाठी दोन दशकांहून अधिक काळ जावा लागला. ते उत्तर नेमके काय होते आणि त्याची किंमत काय मोजावी लागली, याचा आढावा.

डॉयल ड्राइव्ह कधी आणि कशासाठी बांधला गेला?

गोल्डन गेट पूल मे १९३७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. त्याचे दक्षिणेकडील टोक ‘प्रेसिडिओ’ या लष्करी तळाच्या जमिनीवर येते. शहरातून पुलापर्यंत पोहोचायचे, तर या तळातूनच रस्ता काढणे भाग होते. सँटा रोझा येथील बँकर फ्रँक डॉयल यांनी जानेवारी १९२३ मध्ये पुलाच्या मागणीसाठी पहिली मोठी बैठक बोलावली होती. रस्त्याला त्यांचेच नाव मिळाले.

तळ तेव्हा लष्कराच्या ताब्यात होता आणि वापरातही होता. तळाचे कामकाज अडू नये म्हणून रस्त्याचा बराच भाग जमिनीवरून न नेता खांबांवर उचलण्यात आला. पुलाच्या बाजूला दरीसारख्या खोलगट भागावरून जाणारा सुमारे ४६० मीटर लांबीचा उंच उन्नत मार्ग आणि शहराच्या बाजूला एक किलोमीटरहून लांब असा कमी उंचीचा उन्नत मार्ग, असे त्याचे दोन मुख्य भाग होते. १९३० च्या दशकातील मोटारींचा वेग, आकार आणि संख्या डोळ्यांसमोर ठेवून केलेली ही रचना होती. सहा मार्गिका होत्या, मात्र प्रत्येकीची रुंदी जेमतेम साडेनऊ ते दहा फूट. अमेरिकी महामार्गांवर आज १२ फुटांची मार्गिका प्रमाण मानली जाते. दोन दिशांच्या वाहतुकीमध्ये पक्का दुभाजक नव्हता. बंद पडलेली गाडी बाजूला घ्यायला कडेची पट्टीही नव्हती.

इतका धोकादायक का होता?

धोका दोन प्रकारचा होता. एक रोजचा आणि दुसरा कधीतरी येणारा.

रोजचा धोका समोरासमोरच्या टकरीचा. सकाळी मरिन काउंटीकडून शहरात येणारी गर्दी आणि संध्याकाळी परतणारी गर्दी यांच्यासाठी मार्गिकांची विभागणी बदलावी लागे. त्यासाठी रस्त्यात प्लास्टिकच्या पिवळ्या नळ्या खोचल्या जात. समोरून येणारे वाहन आणि आपण यांच्यात एवढाच काय तो अडसर. रोज एक लाखाच्या आसपास वाहने या रस्त्यावरून जात होती आणि एखाद्या चालकाचा ताबा सुटला तर त्याला रोखणारे काहीही नव्हते. गोल्डन गेट पुलावरही हीच पद्धत होती. तेथे सरकवता येणारा काँक्रीटचा दुभाजक जानेवारी २०१५ मध्ये आला.

दुसरा धोका भूकंपाचा. सॅन अँड्रियास प्रस्तरभंग गोल्डन गेटपासून काही किलोमीटरवर समुद्राखालून जातो. १७ ऑक्टोबर १९८९ रोजी झालेल्या ६.९ तीव्रतेच्या ‘लोमा प्रिएटा’ भूकंपात ६३ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी ४२ जण खाडीपलीकडच्या ओकलंडमधील ‘सायप्रेस’ या दुमजली उन्नत महामार्गाचा वरचा मजला खालच्यावर कोसळल्याने गेले. उन्नत रस्ता भूकंपात काय करू शकतो, हे त्या संध्याकाळी सगळ्यांनी पाहिले. सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरचा ‘एम्बार्काडेरो’ हा उन्नत महामार्गही खिळखिळा झाला आणि १९९१ मध्ये तो पाडण्यात आला.

डॉयल ड्राइव्ह त्या भूकंपात उभा राहिला. पण त्याला लागूनच असलेल्या मरीना वस्तीत घरे कोसळली, आगी लागल्या. कारण जमीन. १९१५ च्या ‘पनामा-पॅसिफिक’ जागतिक प्रदर्शनासाठी या किनाऱ्यावरची दलदल भर टाकून बुजवण्यात आली होती. पाण्याने भिजलेली, सैल वाळूची भर भूकंपात हादरू लागली की वाळूचे कण एकमेकांवरची पकड सोडतात, मधल्या पाण्याचा दाब वाढतो आणि घट्ट वाटणारी जमीन काही क्षण चिखलासारखी वागू लागते. याला जमिनीचे द्रवीकरण म्हणतात. अशा जमिनीत रुतलेल्या खांबांवर डॉयल ड्राइव्हचा खालचा भाग उभा होता.

१९९० च्या दशकात उंच भागाची तात्पुरती भूकंपरोधक डागडुजी झाली. पण वय झालेले पोलाद आणि खारी हवा यांच्यापुढे डागडुजीला मर्यादा असते. अमेरिकेत पुलांच्या अवस्थेला १०० पैकी गुण देण्याची पद्धत होती. डॉयल ड्राइव्हच्या उंच भागाला १०० पैकी २ गुण मिळाले. प्रकल्पाच्या बाजूने बोलणारे पुढे वर्षानुवर्षे हाच आकडा सांगत राहिले.

मग सरळ पाडून नवा का बांधला नाही?

कारण दरम्यान रस्त्याखालची जमीन बदलली होती. म्हणजे माती तीच, पण मालक आणि दर्जा बदलला.

प्रेसिडिओची स्थापना १७७६ मध्ये स्पॅनिश लष्कराने केली. पुढे ती मेक्सिकोकडे आणि १८४० च्या दशकात अमेरिकेकडे गेली. १९६२ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. तळ बंद झाल्यावर १ ऑक्टोबर १९९४ रोजी ही सुमारे १,५०० एकरांची जागा राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आली आणि ‘गोल्डन गेट राष्ट्रीय मनोरंजन क्षेत्रा’चा भाग झाली. १९९६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने तिच्या बहुतांश भागाच्या व्यवस्थापनासाठी ‘प्रेसिडिओ ट्रस्ट’ ही स्वतंत्र संघीय संस्था स्थापन केली. २०१३ पर्यंत स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहण्याची अटही तिला घातली.

लष्कराच्या दृष्टीने रस्ता डोक्यावरून गेला की काम झाले होते. उद्यानाच्या दृष्टीने तोच रस्ता भिंत होता. वरच्या अंगाला ‘मेन पोस्ट’ हा छावणीचा जुना मध्यवर्ती भाग, कवायतीचे मैदान, विटांच्या बराकी. खालच्या अंगाला ‘क्रिसी फील्ड’ हे जुने विमानतळ आणि खाडीकिनारा. मधली नैसर्गिक उताराची कडा रस्त्याने कापलेली. मैदानातून पाणी दिसायचे, पण तिथवर जायला खांबांच्या आणि आवाजाच्या खालून वाट काढावी लागे.

येथे दोन कायदे आडवे आले. हे दोन्ही कायदे १९६६ चे. अमेरिकी परिवहन विभागाच्या कायद्यातील ‘कलम ४ (एफ)’ सांगते की, सार्वजनिक उद्यान किंवा ऐतिहासिक स्थळाची जमीन महामार्गासाठी वापरायची असेल, तर दुसरा व्यवहार्य पर्याय नाही हे आधी दाखवावे लागेल आणि होणारी हानी कमीत कमी राहील असे सगळे उपाय करावे लागतील. राष्ट्रीय ऐतिहासिक वारसा जतन कायद्याचे ‘कलम १०६’ प्रकल्पाचा वारसा वास्तूंवर होणारा परिणाम तपासायला आणि संबंधितांशी सल्लामसलत करायला लावते. ही कलमे रस्ता बांधू नका असे सांगत नाहीत. बांधायचाच असेल तर सगळे पर्याय टेबलावर ठेवा, असे सांगतात. प्रेसिडिओत जवळपास पावलोपावली वारसा वास्तू असल्याने हे काम किचकट होते.

‘पार्कवे’ची कल्पना काय होती?

पहिला मोह होता तो जुन्या जागी अधिक रुंद, अधिक भक्कम उन्नत मार्ग उभा करण्याचा. महामार्ग म्हणून तो उत्तम ठरला असता. पण जुन्याच्या जागी अधिक जाड भिंत आली असती.

भूदृश्य रचनाकार मायकेल पेंटर यांनी १९९० च्या दशकात वेगळा आराखडा मांडला. महामार्ग म्हणजे शहरातून उडत जाणारा पूल, ही कल्पनाच त्यांनी बाजूला ठेवली. रस्ता जमिनीच्या चढउताराबरोबर वर-खाली न्यायचा, जिथे कडा आहे तिथे तो कडेखाली घालायचा, वर माती टाकून झाडे लावायची, दोन दिशांचे रस्ते वेगळे काढून मध्ये हिरवा पट्टा ठेवायचा, असा तो विचार होता. जुन्या अमेरिकी ‘पार्कवे’ची म्हणजे बागेतून जाणाऱ्या रस्त्याची परंपरा त्यामागे होती. फरक एवढाच, की ते रस्ते सहलीसाठी होते. हा रस्ता रोज कामावर जाणाऱ्या लाखभर गाड्यांचा होता.

अभियांत्रिकीच्या अंगाने यात एक खरा पेच होता. सुरक्षित रस्ता रुंद असतो. दुभाजक हवा, कडेला गाडी थांबवायला पट्टी हवी, मार्गिका मोठ्या हव्यात. म्हणजे नव्या रस्त्याला जुन्यापेक्षा जास्त जागा लागणार. आणि उद्यानाला हवे होते ते नेमके याच्या उलट. तडजोड अशी झाली : मार्गिकांची संख्या सहाच ठेवली, वाढवली नाही. बहुतेक मार्गिकांची रुंदी १२ ऐवजी सुमारे ११ फुटांवर आणली, कारण अरुंद मार्गिकेत चालक आपसूक वेग आवरतो. दुभाजक आणि कडेची पट्टी मात्र सोडली नाही. आणि जी जागा वाढली तिचा मोठा भाग बोगद्यांत घालून वरची जमीन उद्यानाला परत दिली.

बोगदे कसे बांधले?

बोगदा म्हटले की डोंगर पोखरणारे अजस्र यंत्र डोळ्यांसमोर येते. येथे तसे यंत्र वापरले नाही. रस्ता पृष्ठभागाच्या अगदी जवळून जात असल्याने ‘खणा आणि झाका’ ही जुनी पद्धत निवडली गेली. वरून मोठा चर खणायचा, त्यात काँक्रीटच्या भिंती आणि छत उभारायचे आणि छतावर पुन्हा माती टाकायची. तयार होते ती मातीखाली पुरलेली एक लांबलचक पेटी.

ही पद्धत सोपी वाटते. पण छतावर बाग करायची, तर हिशेब बदलतो. ओल्या मातीचे वजन दर घनमीटरला पावणेदोन-दोन टनांच्या घरात जाते. म्हणजे एक मीटर जाडीचा थरसुद्धा छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर तेवढाच भार टाकतो. मोठ्या झाडांना त्याहून खोल माती लागते. पाणी साचले तर भार आणखी वाढतो आणि काँक्रीटमधून गळतीही होते. त्यामुळे कुठे उंचवटा, कुठे हिरवळ, कुठे झाड हे ठरवताना खालच्या बोगद्याचे छतही बघावे लागते.

पुलाच्या बाजूला ‘बॅटरी टनेल्स’ ही बोगद्यांची जोडी आहे. लष्कराच्या जुन्या तोफखाना ठाण्यांवरून हे नाव पडले. त्यांच्या एका अंगाला सॅन फ्रान्सिस्को राष्ट्रीय दफनभूमी आहे. शहराच्या बाजूला ‘मेन पोस्ट टनेल्स’. ज्या कडेला जुन्या रस्त्याने कापले होते, ती कडा या बोगद्यांच्या छतावर पुन्हा घडवायची होती.

वाहतूक बंद न करता हे कसे शक्य झाले?

गोल्डन गेट पुलाला पर्यायी मार्ग नाही. मरिनकडून शहरात यायचे तर हाच मुख्य रस्ता. त्यामुळे राहत्या घरात राहूनच घर पाडून बांधावे, तसे हे काम होते.

पर्यावरणीय परिणामांचा अंतिम अहवाल २००८ मध्ये आला आणि २००९ च्या अखेरीस काम सुरू झाले. पहिला टप्पा कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाने, म्हणजे ‘कॅलट्रान्स’ने केला. यात दक्षिणेकडे येणाऱ्या दिशेचा नवा उंच उन्नत मार्ग, त्याच दिशेचा बॅटरी बोगदा आणि पुढे शहराला जोडणारा तात्पुरता वळणरस्ता बांधण्यात आला. म्हणजे नव्या रस्त्याचा अर्धा भागच आधी तयार केला आणि दोन्ही दिशांची वाहतूक काही काळ त्यावरून न्यायचे ठरले.

२७ एप्रिल २०१२ च्या शुक्रवारी संध्याकाळनंतर रस्ता बंद झाला. शनिवार-रविवारच्या सुट्टीत जुन्या डॉयल ड्राइव्हचा आडवा येणारा भाग यंत्रांनी तोडला, वाहतूक नव्या मार्गाला जोडली आणि सोमवारच्या सकाळच्या गर्दीआधी रस्ता पुन्हा सुरू झाला. या एका शनिवार-रविवारी भूकंपाचा मुख्य धोका संपला. रस्ता अजून अर्धाच झाला होता, पण लोक आता २ गुणांच्या पुलावरून जात नव्हते. दुसऱ्या टप्प्यात उरलेले बोगदे, दुसऱ्या दिशेचा उन्नत मार्ग आणि प्रेसिडिओत थेट उतरण्यासाठी गिरार्ड रोडचा जोड झाला. जुलै २०१५ मध्ये आणखी एकदा काही दिवस रस्ता बंद ठेवून सगळी वाहतूक कायमच्या मार्गावर आणण्यात आली. रस्त्याचे नाव बदलले : ‘प्रेसिडिओ पार्कवे’.

मधल्या काळात एका झुडपाने काम कसे अडवले?

ऑक्टोबर २००९ मध्ये या मार्गावरून गाडीने जाणाऱ्या एका वनस्पती अभ्यासकाला कामासाठी मोकळ्या केलेल्या जागेत एक ओळखीचे, पण तिथे असायला नको असे झुडूप दिसले. ते ‘फ्रान्सिस्कन मॅन्झानिटा’ निघाले. जमिनीलगत पसरणारी ही वनस्पती १९४७ पासून निसर्गातून नाहीशी झाली, असे मानले जात होते. शहरातील लॉरेल हिल दफनभूमी बांधकामासाठी साफ केली, तेव्हा तिची शेवटची जंगली जागा गेली होती. वनस्पती उद्यानांत तिची कलमे तेवढी उरली होती. रस्त्याकडेच्या दाट झाडोऱ्यात लपलेले हे एकच रोप मात्र वाचले होते. तो झाडोरा प्रकल्पासाठी तोडला गेला आणि रोप उघडे पडले.

काम थांबवायचे, वळवायचे की रोप हलवायचे? जानेवारी २०१० मध्ये मुळांभोवतीच्या मातीच्या मोठ्या गड्ड्यासह ते उचलून प्रेसिडिओतच अन्यत्र लावण्यात आले. ती जागा जाहीर करण्यात आली नाही. या स्थलांतरावर दोन लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला आणि एका झुडपासाठी एवढे पैसे कशाला, असा सूरही निघाला. २०१२ मध्ये या वनस्पतीचा संघीय धोकाग्रस्त प्रजातींच्या यादीत समावेश झाला.

जपण्यासारखे तेवढेच नव्हते. उंच उन्नत मार्गाच्या खाली तळावरच्या कुटुंबांनी आपल्या कुत्र्या-मांजरांसाठी केलेली एक छोटी दफनभूमी आहे. हाताने रंगवलेल्या पाट्या, छोटी कुंपणे. डोक्यावर पूल पाडला आणि बांधला जात असताना ती जागा आच्छादून सुरक्षित ठेवण्यात आली.

पैसे कुणी दिले?

प्रकल्पाचा एकूण खर्च सुमारे १.१ अब्ज डॉलर सांगितला जातो. आजच्या दराने नऊ हजार कोटी रुपयांहून अधिक. तेही अडीच किलोमीटरसाठी. हा खर्च राज्य, स्थानिक विक्रीकर, संघीय निधी आणि २००८ च्या मंदीनंतर अमेरिकी सरकारने दिलेले आर्थिक उत्तेजन अशा अनेक झऱ्यांतून भागवला गेला.

डॉयल ड्राइव्हवर टोल लावावा, असा प्रस्ताव २००७ मध्ये पुढे आला होता. पुलावर आधीच टोल भरणाऱ्या मरिन काउंटीतून त्याला कडाडून विरोध झाला आणि तो मागे पडला. दुसऱ्या टप्प्यासाठी राज्याने सार्वजनिक-खासगी भागीदारीचा मार्ग धरला. होक्टीफ आणि मेरिडियम या कंपन्यांच्या ‘गोल्डन लिंक’ या कंपनीला आरेखन, बांधकाम, अर्थपुरवठा आणि ३० वर्षांची देखभाल असे एकत्रित काम मिळाले. कॅलिफोर्नियाच्या २००९ च्या कायद्याखाली झालेला हा पहिलाच असा करार. तेथील सरकारी अभियंत्यांच्या संघटनेने त्याला न्यायालयात आव्हान दिले, पण ते टिकले नाही.

या करारात कंपनीला टोल वसूल करण्याचा हक्क नाही. रस्ता वापरण्याजोगा ठेवल्याबद्दल सरकार तिला ठरावीक हप्ते देते आणि मार्गिका बंद राहिली किंवा दर्जा घसरला तर पैसे कापते. आपल्याकडच्या ‘अ‍ॅन्युइटी’ पद्धतीशी याचे साम्य आहे. फायदा असा, की देखभाल स्वतःलाच करायची असल्याने स्वस्तात बांधून मोकळे होण्याचा मोह कमी होतो. तोटा असा, की वाहनचालकाला टोल दिसत नसला तरी करदाता हप्ते भरत राहतो.

उद्यानाला नेमके काय मिळाले?

रस्ता २०१५ मध्ये सुरू झाला, पण मेन पोस्ट बोगद्यांवरची जमीन तेव्हा उघडी मातीच होती. वर काय करायचे यासाठी पाच नामांकित संघांच्या कल्पना लोकांसमोर मांडण्यात आल्या. न्यूयॉर्कमध्ये जुन्या रेल्वेमार्गावर ‘हाय लाइन’ बाग साकारणाऱ्यांपैकी ‘जेम्स कॉर्नर फील्ड ऑपरेशन्स’ या संस्थेची निवड झाली. १७ जुलै २०२२ रोजी ‘प्रेसिडिओ टनेल टॉप्स’ हे १४ एकरांचे उद्यान खुले झाले. मुंबईच्या शिवाजी पार्कच्या साधारण निम्मे. त्यावर ११.८ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्यातला मोठा वाटा देणग्यांचा होता. आता मेन पोस्टच्या मैदानातून चालत कडेपर्यंत यायचे, समोर गोल्डन गेट पूल पाहायचा आणि उतारावरून क्रिसी फील्डवर उतरायचे. पायाखालून रोजची वाहतूक जात असते.

दुसरा फायदा पाण्याचा. क्रिसी फील्डवर बुजवलेल्या दलदलीचा काही भाग २००१ पर्यंत पुन्हा जिवंत करण्यात आला होता. पण तिचे खाडीकडे उघडणारे तोंड वाळूने वारंवार बुजायचे. भरती-ओहोटीला आत-बाहेर करणारे पाणी जितके जास्त, तितका प्रवाह वाळू ढकलून तोंड उघडे ठेवतो. दलदल लहान, म्हणून पाणी कमी, म्हणून तोंड बंद. डोंगराकडून येणारा टेनेसी हॉलोचा ओढा पूर्वी जमिनीखालच्या नळांतून वाहत होता. नव्या रस्त्याचा शहराकडचा भाग पुलावरून नेल्याने त्याखाली पाण्याला वाट मिळाली. २०२० च्या अखेरीस ‘क्वार्टरमास्टर रीच’ हा सात एकरांचा पाणथळ पट्टा तयार झाला. ओढ्याचे गोडे पाणी आणि खाडीचे खारे पाणी तिथे पुन्हा मिसळू लागले. १०० वर्षांपूर्वी प्रदर्शनासाठी बुजवलेले थोडेसे परत मिळाले.

सगळे साधले का?

नाही. रस्त्यावरच्या गाड्या कमी झालेल्या नाहीत. मार्गिका सहाच्या सहा आहेत आणि महामार्ग उद्यानातून हटलेला नाही. तो नजरेआड झाला आहे, तोही सलग नव्हे. बोगद्यांच्या तोंडांशी काँक्रीट आहे, उन्नत मार्ग आहेत, आवाज आहे. ‘पार्कवे’ हे नाव काही टीकाकारांना महामार्गावर चढवलेला हिरवा मुलामा वाटतो. एम्बार्काडेरो महामार्ग पाडल्यावर शहराने तो पुन्हा बांधलाच नाही, याची आठवणही ते करून देतात. पण एम्बार्काडेरोला पर्याय होते आणि गोल्डन गेट पुलाला ते नाहीत. रस्ता काढून टाकण्याचा मार्ग येथे खुला नव्हता.

या प्रकल्पाचा खरा हिशेब वर्षांचा आहे. लोमा प्रिएटा भूकंप १९८९ चा. धोकादायक पूल वापरातून गेला २०१२ मध्ये, रस्ता पूर्ण झाला २०१५ मध्ये, बाग आली २०२२ मध्ये. पर्याय तपासले, सुनावण्या झाल्या, आराखडे बदलले म्हणून रस्ता चांगला झाला, हे खरे. घाईत बांधला असता तर तिथे आज जाडजूड उन्नत मार्ग असता आणि तो पुढची ७०-८० वर्षे कुणाला हलवता आला नसता. पण त्या २३ वर्षांत लाखो लोक रोज पिवळ्या नळ्यांच्या भरवशावर, १०० पैकी २ गुणांच्या पुलावरून जात राहिले. या भागात २०४३ पर्यंत ६.७ किंवा त्याहून अधिक तीव्रतेचा भूकंप येण्याची शक्यता अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने ७२ टक्के वर्तवली आहे. तो त्या २३ वर्षांत आला नाही, यात नियोजनाचा वाटा काहीच नव्हता.

म्हणूनच या रस्त्याचे कौतुक करताना नियोजनकार दोन गोष्टी वेगळ्या ठेवतात. उद्यानाला आधी कायद्याचे संरक्षण होते, म्हणून रस्त्याला जागेशी जुळवून घ्यावे लागले. हे अनुकरण करण्यासारखे. धोका माहीत असूनही निर्णयाला दोन दशके लागली. हे टाळण्यासारखे. संरक्षणाचे कायदे आणि वेळेत निर्णय यांत एकच निवडावे लागते असे नाही. पर्यायांचा अभ्यास पूल १०० पैकी २ गुणांवर येण्याआधी सुरू झाला, तर दोन्ही जमू शकते. नव्या रस्त्याच्या ३० वर्षांच्या देखभालीचा करार संपेल, तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोला हा अभ्यास आधीच हाती घेतलेला असावा लागेल.